नाटकासाठी वायरलेस माईक कसा निवडावा? सोलापूरच्या नाट्यसंस्थांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी सुरू झाल्या की फोन येऊ लागतात. डिसेंबरात शाळांच्या स्नेहसंमेलनांआधी पुन्हा तेच प्रश्न येतात. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं बंदिस्त सभागृह धरून लिहिली आहेत, म्हणजे हुतात्मा स्मृती मंदिर, फडकुले सभागृह किंवा शाळेचा मोठा हॉल. मैदानातल्या प्रयोगाचं प्रश्न १६ मध्ये वेगळं सांगितलं आहे.

माझं मत आधीच सांगतो. हौशी संस्था माईकची संख्या मोजून सेट घेतात आणि तिथेच फसतात. पैसा जायला हवा तो कॅप्सूलवर (माईकचं आवाज टिपणारं छोटं टोक), अँटेनावर आणि मिक्सरवर बसणाऱ्या माणसाच्या तालमीवर.

१. आमचं साधं दोन अंकी सामाजिक नाटक आहे. वायरलेस माईक लागतोच का?

लागतोच असं नाही. त्याच सभागृहात एक तालीम माईकशिवाय करा आणि संहिता अजिबात माहीत नसलेला माणूस शेवटच्या रांगेत बसवा. ज्याला नाटक पाठ आहे, त्याला न ऐकू आलेलं वाक्यसुद्धा ऐकू आल्यासारखं वाटतं, त्याचा इथे उपयोग नाही. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नवखा नट नेमका शेवटीच आवाज पाडतो. मग "जाणार" की "जाणार नाही" हेच मागच्या रांगेला कळत नाही. हा दोष आधी तालमीत काढायचा, कारण माईक पडलेला आवाज मोठा करतो, शब्द स्पष्ट करत नाही.

त्यानंतरही आवाज कमी पडला तर रंगमंचाच्या पुढच्या कडेला खाली ठेवायचे दोन-तीन माईक (त्यांना फूट माईक म्हणतात) लावून पाहा. संवादाखाली सतत पार्श्वसंगीत असेल, साथसंगत जिवंत असेल, एप्रिल-मेचे पंखे पूर्ण वेगात फिरत असतील किंवा नट लहान मुलं असतील, तर मात्र वायरलेसचा विचार जरूर करा.

२. कॉलर माईक, हेडसेट की हातातला कॉर्डलेस?

नाटकात हातातला कॉर्डलेस निवेदकाला, सूत्रधाराला किंवा लावणीच्या गायिकेला शोभतो. संवादाला कॉलर माईकचीच छोटी कॅप्सूल वापरायची, पण ती कॉलरला न लावता चेहऱ्याजवळ लावायची (कशी ते प्रश्न ९ मध्ये). हेडसेटमध्ये माईक तोंडाजवळ असल्याने आवाज सर्वांत भक्कम येतो. नृत्यनाट्यात आणि वगनाट्यात तो बिनधास्त वापरा. सामाजिक नाटकात गालावरची ती दांडी तिसऱ्या रांगेपर्यंत दिसते.

३. कलाकार बारा आहेत आणि बजेट चार माईकचं. काय करावं?

चारच घ्या, पण चांगले घ्या. एक तक्ता करा: आडवे प्रवेश, उभी पात्रं, आणि प्रत्येक चौकोनात कोण बोलतो त्याची खूण. बहुतेक नाटकांत एका वेळी खऱ्या अर्थाने बोलणारी पात्रं तीन-चारच निघतात. नोकर येऊन "चहा ठेवलाय" म्हणून जातो, त्याला माईक नको. त्याला फूट माईकजवळून जायला सांगितलं की काम होतं. एकच माईक दोघांत फिरवायचा असेल तर प्रश्न १७ वाचा.

स्वस्तातले आठ घेण्याला माझा ठाम विरोध आहे. आठ माईक एकत्र चालवणं हे दोन चालवण्याच्या चौपट नाही, त्याहून कितीतरी अवघड आहे. त्याचं कारण प्रश्न १२ मध्ये आहे.

४. ऑनलाइन २.४ गिगाहर्ट्झचे सेट फार स्वस्त मिळतात. चालतील का?

मुलाखतीला, व्हिडिओला, वर्गात शिकवायला चालतील. नाटकाला घेऊ नका. याच पट्ट्यात वायफाय आणि ब्लूटूथ चालतं. सभागृह रिकामं असताना तुम्ही चाचणी घेता तेव्हा सगळं छान वाटतं. पडदा उघडतो तेव्हा समोर शेकडो फोन बसलेले असतात. शिवाय ही फ्रिक्वेन्सी शरीरात जास्त शोषली जाते. नटाने पाठ फिरवली आणि त्याच्या अंगावरची ट्रान्समीटरची पेटी (माईकचा आवाज लहरींवर पाठवणारी) पोटावर असली की आवाज तुटतो.

५. मग यूएचएफमध्ये, म्हणजे शेकडो मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या माईकमध्ये, कोणता पट्टा घ्यावा? एक जण जुना सेट अर्ध्या किमतीत देतोय.

त्या जुन्या सेटच्या रिसीव्हरखालचं (पेटीकडून आलेला सिग्नल पकडणाऱ्या यंत्राखालचं) लेबल आधी वाचा. त्यावर मेगाहर्ट्झमध्ये पल्ला छापलेला असतो. ७०३ ते ७४८ आणि ७५८ ते ८०३ हा आता आपल्याकडे मोबाईलचा पट्टा आहे. २०२२ च्या लिलावात त्यातला काही भाग ५जी सेवेसाठी विकत घेतला गेला. त्यामुळे ७०० च्या घरातला माईक कितीही चांगल्या कंपनीचा असला तरी नको. ८२४ ते ८४४ मध्ये फोन स्वतः प्रक्षेपण करतात, तेही टाळा.

४७० ते ६०० च्या आसपासचा सेट सगळ्यात सोयीचा. ६०० च्या वरचा पट्टाही त्याच लिलावात मांडला होता. तेव्हा कोणी बोली लावली नाही, पण तो मोबाईलसाठी ठरवून ठेवलेला आहे. दहा वर्षं वापरायची वस्तू घेताना याचा विचार करायला हवा.

६. परवाना लागतो का?

फ्रिक्वेन्सीचा कारभार केंद्राच्या दूरसंचार विभागातली डब्ल्यूपीसी शाखा पाहते. २.४ गिगाहर्ट्झसारखे काही पट्टे विनापरवाना आहेत, यूएचएफ सरसकट तसा नाही. म्हणून सेट अधिकृत विक्रेत्याकडून, पक्क्या बिलावर घ्या आणि त्या मॉडेलची भारतातली मान्यतेची कागदपत्रं मागा. लाउडस्पीकरची परवानगी ही वेगळी बाब आहे (प्रश्न १६).

७. ॲनालॉग घ्यावा की डिजिटल?

आज नवा घेत असाल तर डिजिटल. ॲनालॉग सेट आवाज दाबून पाठवतो आणि रिसीव्हरमध्ये पुन्हा फुलवतो. हळू आवाजातल्या संवादामागे जी फुसफुस ऐकू येते ती बऱ्याचदा त्यातून येते. डिजिटलमध्ये ती नसते. सिग्नल कमकुवत झाल्यावर मात्र दोघांचं वागणं वेगळं आहे. ॲनालॉग खरखरून आधी इशारा देतो, डिजिटल शेवटपर्यंत स्वच्छ राहून एकदम गप्प होतो. म्हणून डिजिटलवाल्याने रिसीव्हरवरच्या सिग्नलच्या पट्ट्या पाहण्याची सवय लावून घ्यायला हवी.

"डिजिटलला उशीर लागतो" ही तक्रार मनावर घेऊ नका. चांगल्या सेटचा उशीर साधारण २ ते ४ मिलिसेकंद असतो. तेवढ्या वेळात आवाज हवेतून जेमतेम मीटरभर जातो.

हातात चांगला ॲनालॉग सेट असेल तर तो विकायची घाई नको. त्याच पैशात आधी उत्तम कॅप्सूल घ्या.

८. कंपनी कोणती?

हौशी संस्थेच्या आवाक्यात साधारणपणे शुअरचे बीएलएक्स आणि एसएलएक्स-डी, सेनहायझरचे ईडब्ल्यू १०० जी४ आणि ईडब्ल्यू-डी हे सेट येतात. नावापेक्षा तीन गोष्टी पाहा. रिसीव्हरच्या अँटेना काढता येतात का? बीएलएक्सच्या साध्या रिसीव्हरमध्ये त्या आत बसवलेल्या असतात, रॅकवाल्या मॉडेलमध्ये काढता येतात. हा फरक प्रश्न १३ पर्यंत पोहोचलात की कळेल. पेटीवरचा माईकचा सॉकेट घट्ट बसणारा आहे का? शुअरला चार पिनांचा छोटा कनेक्टर लागतो, सेनहायझरला आट्याचा ३.५ मिमीचा, आणि ते एकमेकांना चालत नाहीत. संस्थेत दोन्ही कंपन्यांच्या पेट्या असतील तर आयत्या वेळी सुटा माईक असूनही लावता येत नाही.

तिसरी गोष्ट कॅप्सूल. सेटबरोबर येणारी क्लिपची कॅप्सूल भाषणासाठी असते. डीपीए, कंट्रीमन, सेनहायझर एमकेई यांच्या बारीक कॅप्सूल महाग आहेत, पण प्रेक्षकाच्या कानाला फरक जाणवतो तो तिथेच. दिशाहीन, म्हणजे सगळीकडून आवाज घेणारी कॅप्सूल घ्या. नटाने मान वळवली तरी तिचा आवाज बदलत नाही.

९. माईक नेमका कुठे लावायचा? पदराला लावला की घासतो.

पदराला, सदऱ्याला लावूच नका. तिथे हनुवटीच्या आडोशाने स, श, च ही अक्षरं बोथट होतात, आणि मंगळसूत्र, बांगड्या, उपरणं घासतात ते वेगळंच.

सर्वांत चांगली जागा कपाळावर, केसांची रेघ सुरू होते तिथे मधोमध. वायर केसांतून मागे न्यायची, दोन ठिकाणी आकड्याने धरायची, मानेवर मेडिकल टेपने चिकटवायची आणि तिथे थोडी ढिली ठेवायची. मान खाली घातली की वायर ताणून कॅप्सूल वर सरकते, म्हणून ती ढील हवी. कपाळाचा घाम वायरवरून ओघळत थेट कॅप्सूलच्या छिद्रात जातो. त्यासाठी कॅप्सूलच्या बोटभर मागे वायरभोवती टेपचा छोटा वेढा द्या, थेंब तिथे अडतो. हे सगळं रंगभूषेच्या आधी करायचं, नंतर नाही. पावडर आणि तेलाच्या हाताने टेप चिकटत नाही, आणि वरून मारलेला स्प्रे कॅप्सूल कायमची बुजवतो.

फेटा किंवा पगडी असेल तर कॅप्सूल तिच्या खालच्या काठाबाहेर किंचित डोकावू द्या, घडीत दडवू नका. टक्कल असलेल्या नटाला कानावरून गालाच्या सुरुवातीपर्यंत. दाढी चिकटवायची असेल तर कानाची जागाही बदलावी लागते, तिथे रंगभूषाकाराला सोबत घेऊनच ठरवा.

१०. पेटी कुठे बांधायची? घामाने दोनदा बंद पडली.

कमरेला, पाठीमागे, अँटेना मोकळी आणि सरळ. या फ्रिक्वेन्सीला ती शेपटी साधारण १३-१४ सेंटिमीटरची असते. दुमडून किंवा गुंडाळून ठेवली की पल्ला पडलाच. ती उघड्या ओल्या कातडीला टेकू देऊ नका आणि धातूच्या कमरपट्ट्याखाली किंवा पत्र्याच्या चिलखतात कोंबू नका.

नऊवारीत पेटी आधी, साडी नंतर. इलास्टिकच्या पट्ट्यावर पिशवी बांधून मगच नेसवायची आणि कॅप्सूलची वायर पाठीवरून वर न्यायची. पिशव्या बाहेरून मागवण्याची गरज नाही. टेरी टॉवेलच्या कापडाला सोलापुरात तोटा नाही, कुठलाही शिंपी तासाभरात चार शिवून देतो. आत पेटी पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, बाहेरचं टॉवेल घाम टिपून घेतं. पिशव्या दर प्रयोगानंतर धुवा.

११. बॅटरी कोणती आणि कधी बदलायची?

अल्कलाइन किंवा चांगल्या चार्जिंगच्या. किराणा दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळाच्या साध्या बॅटऱ्या कधीच नाहीत. दोन एए बॅटऱ्यांवर चांगली पेटी साधारण सहा ते आठ तास चालते, म्हणून प्रयोगाआधी पूर्ण भरलेली जोडी घालायची आणि मध्यंतरात हात लावायचा नाही. चार्जिंगच्या बॅटरीचा दाब शेवटपर्यंत जवळपास सारखा राहतो आणि मग एकदम पडतो. पेटीत ती निवडायची सोय असेल तर तसं सेटिंग करा, नाहीतर रिसीव्हर चुकीचा आकडा दाखवतो.

१२. दोन माईक छान चालतात. तिसरा चालू केला की खरखर. तिसरा खराब आहे का?

बहुधा नाही. दोन पेट्या जवळ आल्या की त्यांच्या फ्रिक्वेन्सी एकमेकींत मिसळून नव्या, नको असलेल्या फ्रिक्वेन्सी तयार होतात. हिशोब सोपा आहे: एकीची दुप्पट वजा दुसरी.

समजा पहिला माईक ५२०.० मेगाहर्ट्झवर आणि दुसरा ५२०.४ वर आहे. ५२०.४ ची दुप्पट वजा ५२०.० म्हणजे ५२०.८. उलट बाजूने ५१९.६. आता समान अंतर बरं दिसतं म्हणून तुम्ही तिसरा ५२०.८ वर ठेवला, म्हणजे पहिल्या दोघांच्या भुतावरच नेऊन बसवला. त्याऐवजी तिसरा ५२१.२ वर ठेवा. तिघांची सगळी वजाबाकी करून पाहा, एकही उत्तर तिघांपैकी कोणावर येत नाही.

माईक वाढतील तसं हे कागदावर करणं अशक्य होतं. म्हणून प्रत्येक कंपनी सेटमध्ये "ग्रुप" आणि "चॅनेल" देते, म्हणजे एकमेकींना न खटकणाऱ्या फ्रिक्वेन्सींचे तयार संच. सगळे माईक एकाच ग्रुपमधले वेगवेगळे चॅनेल निवडून लावा. मनाने आकडे फिरवू नका. दोन कंपन्यांचे सेट एकत्र असतील तर ग्रुपचा उपयोग नाही, तिथे कंपन्यांची मोफत सॉफ्टवेअरं वापरा. काही नवे डिजिटल सेट समान अंतरही चालवून घेतात, पण ते माहितीपत्रकात लिहिलेलं असेल तरच.

१३. तालमीत एकदाही तुटला नाही, प्रयोगात तुटला. असं का होतं?

कारण तालमीत सभागृह रिकामं होतं. माणसाचं शरीर हे बहुतांशी पाणी आहे आणि ते रेडिओलहरी शोषतं. रिसीव्हर मागे मिक्सरशेजारी ठेवला असेल तर नट आणि रिसीव्हर यांच्यामध्ये अख्खं सभागृह बसलेलं असतं. रिसीव्हर विंगेत, रंगमंच दिसेल अशा जागी, डोक्याच्या वर ठेवा आणि मिक्सरपर्यंत एक्सएलआर केबल (माईकची नेहमीची तीन पिनांची) ओढा. लांब पल्ल्यासाठी अँटेनाची केबल लांबवणं हा उलटा उपाय आहे. बारीक आरजी-५८ केबल या फ्रिक्वेन्सीला दहा मीटरमध्ये निम्मी शक्ती खाते. जास्त अंतर असेल तर जाड, कमी तूट असलेली ५० ओहमची केबल घ्या. चारपेक्षा जास्त रिसीव्हर असतील तर अँटेना वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर घ्या. दोन अँटेना एकमेकींपासून निदान हातभर लांब ठेवा.

मग उरतात बाकीचे शत्रू. नेपथ्यात एलईडी वॉल असेल तर ती जबर गोंगाट करते. ती पूर्ण उजळलेली असतानाच फ्रिक्वेन्सी स्कॅन करा (रिसीव्हरकडून मोकळ्या फ्रिक्वेन्सी शोधून घ्या) आणि अँटेना तिच्यापासून दूर ठेवा. सभागृहाचे स्वतःचे कॉर्डलेस बंद करून घ्या. नटाच्या खिशातला फोन विंगेत ठेवायला सांगा. स्कॅन प्रयोगाच्या दिवशीच करायचा, आदल्या आठवड्यातला चालत नाही.

१४. आवाज वाढवला की शिट्टी मारतो.

एकाच वेळी किती माईक उघडे आहेत ते मोजा. उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टीआधी मिळणारा आवाज ३ डेसिबलने घटतो. आठ उघडे असतील तर एकाच्या तुलनेत ९ डेसिबल गेले. म्हणून मिक्सरवरच्या माणसाने संहिता समोर ठेवून, ज्याचं वाक्य त्याचाच फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ) वर करायचा. हे तालमीला बसल्याशिवाय जमत नाही, प्रयोगाच्या दिवशी आलेल्या माणसाकडून त्याची अपेक्षा करू नका. स्पीकर नटांच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून हवेत. १०० हर्ट्झखालचं सगळं कापा, संवाद कळायला तिथलं फारसं काही लागत नाही.

पेटीवरची संवेदनशीलता नटाच्या सर्वांत मोठ्या ओरडण्यावर ठरवा. "एक, दोन, तीन, चेक" वर नाही. पेटीत फाटलेला आवाज मिक्सरवर शिवता येत नाही.

१५. नायक-नायिका जवळ आले की आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा होतो.

एकाच आवाजाला दोन माईक किंचित वेळेच्या फरकाने पकडतात आणि ते मिक्सरमध्ये एकमेकांना खोडतात. त्या क्षणी एकच माईक उघडा ठेवा, दोघांची वाक्यं त्यावरूनच घ्या. संहितेत त्या जागी पेन्सिलने खूण करून ठेवा.

१६. पंढरपूर, बार्शीकडे मैदानात प्रयोग असतो. काय बदलतं?

वारा. कॅप्सूलला फोमची टोपी लागतेच, तीही कपाळावर न दिसणारी, रंग जुळणारी. जनरेटरची गुणगुण येत असेल तर मिक्सर, ॲम्प्लिफायर आणि रिसीव्हर एकाच लाइनवर घ्या. यात्रेच्या मैदानात शेजारच्या पाळणेवाल्याचा, स्टॉलवाल्याचाही कॉर्डलेस चालू असू शकतो, म्हणून स्कॅन त्यांच्या गर्दीच्या वेळी करा. आणि वेळ पाळा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. बंद सभागृहाला यातून सूट आहे, मैदानाला एरवी नाही.

१७. बालनाट्य आहे. वीस मुलं, चार माईक. प्रयोगात अदलाबदल करता येईल का?

येईल, पण प्रत्येक बदलाला एक मोठा माणूस विंगेत हवा आणि त्याच्या हातात लिहिलेला तक्ता हवा. बदलताना पेटी बंद करायची नाही, मिक्सरवरून म्यूट करायची आणि बदल झाल्याची खूण मिळाल्यावरच उघडायची. केसांत लावलेली कॅप्सूल अशी बदलता येत नाही, त्यासाठी कानावर अडकवायच्या हलक्या कड्या वापरा. प्रत्येक बदलाला कॅप्सूल पुसा. पेटी दोन खांद्यांच्या मध्ये बांधा, कमरेची पेटी मुलं बसताना दाबतात. समूहाच्या ओळींसाठी रंगमंचाच्या कडेला दोन फूट माईक लावा आणि मुलांना तिथे पुढे येऊन बोलायची हालचाल द्या.

१८. शब्द ऐकू येतात, पण आवाज नटाकडून न येता स्पीकरमधून येतो. सगळं खोटं वाटतं.

ही तक्रार करणाऱ्याचा कान चांगला आहे. जो आवाज आधी पोहोचतो, कान त्याची दिशा धरतो. स्पीकर नटाच्या चार मीटर पुढे असेल तर त्याचा आवाज नटाच्या आधी सुमारे १२ मिलिसेकंद पोहोचतो. डिजिटल मिक्सरमध्ये मुख्य आउटपुटला १५ ते २० मिलिसेकंदांचा डिले (मुद्दाम घातलेला उशीर) द्या आणि आवाज गरजेपुरताच ठेवा. पहिल्या रांगांना नटाचा मूळ आवाज आधी मिळतो, स्पीकर नुसता आधार देतो. संवादाच्या नाटकात मला हीच मांडणी सगळ्यात योग्य वाटते. संगीत नाटकात डिले कमी करावा लागतो, नाहीतर साथीदारांना अडचण होते.

१९. सेट विकत घ्यावा की भाड्याने?

वर्षाला दोन-तीन प्रयोग असतील तर भाड्याने, पण कॅप्सूल स्वतःच्या घ्या. त्या छोट्या आहेत, सांभाळता येतात. भाड्याने देणाऱ्याला पाच गोष्टी विचारा: पट्टा कोणता, अँटेना बाहेर काढता येतात का, सुट्या पेट्या किती, कनेक्टर कोणता, आणि ऑपरेटर किती तालमींना बसेल. शेवटच्या प्रश्नाला "एकाही नाही" असं उत्तर आलं तर आपला माणूस तयार करा.

२०. ऐन प्रयोगात नायकाचा माईक बंद पडला तर?

विंगेतून कोणीही आत जायचं नाही. फूट माईक सगळ्या प्रयोगभर मिक्सरला जोडलेले असावेत, मग ते वापरात नसले तरी. मिक्सरवाल्याने मेलेला चॅनेल बंद करून फूट माईक हळू उचलायचे आणि पार्श्वसंगीत खाली घ्यायचं. समोरचा नट जवळ असेल तर त्याचा माईक थोडा वर. नायक विंगेत आला की बॅटरी बदलत बसू नका, आधीच सुरू करून ठेवलेली सुटी पेटी आणि कॅप्सूल लावा. ती त्याच ग्रुपमधल्या वेगळ्या चॅनेलवर हवी, आणि प्रयोगाआधीच्या चाचणीत ती बाकी सगळ्या माईकबरोबर चालू असताना तपासलेली हवी. मोठ्या संस्था मुख्य पात्राला दोन कॅप्सूल, दोन पेट्या लावतात. हौशी संस्थेला ते परवडत नसेल तर नायकालाच तालमीत सांगून ठेवा: माईक गेल्याची शंका आली की दोन पावलं पुढे ये आणि पहिल्या तालमीत बोलत होतास तसा बोल.